देवेशने दिलेला शब्द

नवीन पनवेल,
२० नोव्हेंबर १९८९

प्रिय बाळू,

अनेक आशीर्वाद. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. तुझ्या खोलीतला जगन रजा संपवून उद्याच्या विमानाने मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती देतेय. पाकीट जाड बघून त्याने विचारलं, ताई, आत चिवडा-बिवडा आहे का? म्हटलं, चिवडा वेगळा बांधलाय, हे नुसते कागद आहेत. तर पठ्ठ्या खट्टू झाला. चिवडा तुझ्यापर्यंत पोचतो की वाटेतच संपतो ते कळव.

देवेशचा हात बरा आहे. प्लॅस्टर अजून आहे, पण सूज उतरलीय, बोटं हलतात, डॉक्टर म्हणाले लहान हाड आहे, नीट जुळेल. तेव्हा हाताची काळजी करू नकोस. फोनवर तुला एवढंच सांगता आलं की हा विटांच्या थप्पीवरून पडला आणि डावा हात मोडला. आपल्या नाक्यावरच्या बूथवर मागे माणसं ताटकळत उभी असतात, समोर मीटर पळत असतो, तिथे यापेक्षा जास्त काही बोलायला जमत नाही. तुलाही तेवढंच बोलायला आवडतं, हे माहीत असल्यामुळे मीही ताणलं नाही. तू म्हणालास, दे त्याला फोन. मी दिला. तू त्याला म्हणालास, शाब्बास माझ्या वाघा, हात मोडला तरी रडला नाहीस. तो म्हणाला, हो बाबा. आणि फोन माझ्या हातात परत दिला. त्या दिवशी काय झालं होतं ते तुला कोणी सांगितलंच नाही, म्हणून सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत इथली पोरं दिवसभर उंडारत असतात. समोर नव्या इमारती उठतायत, रेतीचे ढीग पडलेत, तेच त्यांचे किल्ले. त्या दिवशी संध्याकाळी देवेश घरी आला, हातपाय धुतले, पाढे म्हटले, जेवायला बसला. डावा हात मांडीवर ठेवून गुपचूप जेवला. आमटी पुन्हा घेतली. झोपायला निघाला तो मळक्या शर्टातच, म्हणून मी ओरडले, की अरे अंगभर विटांचा चुरा आहे, बदल तो आधी. तर म्हणाला, राहू दे ना आत्या, आजच्या दिवस. शर्ट निघत नव्हता रे त्याचा. सकाळी आंघोळीला बसवला तेव्हा मी हात पाहिला. दुधीभोपळ्यासारखा सुजला होता. डॉक्टरांनी विचारलं, कधी पडला? मी म्हटलं, काल संध्याकाळी. ते माझ्याकडे बघतच राहिले. हाड बसवायला त्यांनी हात ओढला तेव्हा माझ्याच तोंडून किंकाळी निघाली, हा मात्र वरच्या पंख्याकडे बघत पडून होता. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, अरे, या टेबलावर मोठमोठी माणसं आईला हाका मारतात! त्यांना आपल्याकडचं काही माहीत नाही. देवेशने मान फिरवली.

मग काय विचारतोस, कौतुकाला नुसतं उधाण आलं. कंपाउंडरने बाहेर बसलेल्या पेशंटांना सांगितलं. दादूकाका शिरढोणहून पेढे घेऊन आले. काका म्हणजे आपल्या घराण्याचं आकाशवाणी केंद्रच. म्हणाले, शिरढोणचं पाणी आहे हे, आमच्या गावची पोरं रडत नाहीत. शिरढोण म्हणजे क्रांतिकारकाचं गाव, नाव काढलं की काकांची छाती अशी फुगते, जणू इंग्रजांशी तेच लढले होते. मीसुद्धा बिल्डिंगमधल्या दोन-तीन बायकांना ऐटीत सांगून आले. सुट्टी संपून बालवाडी उघडली आणि एका मुलीच्या बोटाला पेन्सिलचं टोक टोचलं. तिने जे भोकाड पसरलं, ते खालच्या वाण्यापर्यंत ऐकू गेलं. तिला मांडीवर घेऊन फुंकर घालताना मला देवेशची ती रात्र आठवली. आठ वर्षांचं पोर रात्रभर मोडका हात घेऊन माझ्या शेजारच्या खोलीत पडून होतं आणि त्याला हाक मारावीशी वाटली नाही. यात कौतुक करण्यासारखं काय आहे, बाळू?

शशिकला गेली, देवेशची आई गेली, त्याला आता दिवाळी उलटली म्हणजे आठ महिने झाले. होळीच्या आधी कावीळ काय झाली आणि होळीच्या आत सगळं संपलं काय. तुला तिकीट मिळून तू पोचेपर्यंत तिला नेलंही होतं. पहिले नऊ-दहा दिवस देवेश किती रडत होता ते तुला आठवत असेल. तिच्या गाऊनमध्ये तोंड खुपसून रडायचा, पाणी प्यायला उठला तरी रडायचा, रडून रडून उलट्या व्हायच्या. मग एका दिवसात थांबला. नळ बंद केल्यासारखा. आपण सगळे म्हणालो, सावरला बाई पोरगा, मुलं किती लवकर विसरतात. तू निघालास तेव्हाही विमानतळावर त्याने तुला हसून टाटा केला. तू मला पत्रात लिहिलंस की त्याला हसताना बघून तुला जायला बळ आलं.

सावरल्यावर काय काय झालं ते मी तुला तुकड्यातुकड्यांनी लिहीत होते, पण सलग कधी लिहिलं नाही. त्याच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी चावून चावून फाटल्यात. मी दुमडून शिवते, तो पुन्हा चावतो. पोटात दुखतं म्हणतो, डॉक्टर तपासतात, काही निघत नाही. मध्येच श्वास कोंडून धरतो, चेहरा लाल होतो, विचारलं तर म्हणतो, खेळतोय. शाळेत दोनदा मारामारी केली, दोन्ही वेळा आपल्यापेक्षा थोराड मुलांशी, आणि दोन्ही वेळा नुसता मार खाल्ला. मात्र पहिल्या चाचणीत वर्गात पहिला आला. गुणपत्रक तुला पाठवलं, तू खूश होऊन त्याच्यासाठी बॅटरीवर चालणारी गाडी पाठवलीस. ती त्याने खोक्यातून काढली, एकदा चालवून बघितली आणि पुन्हा खोक्यात ठेवली. आईचं नाव त्याच्या तोंडून एकदाही आलेलं नाही. तिचा फोटो भिंतीवर आहे, त्या भिंतीकडे पाठ करून बसतो. तुझे दाजी म्हणाले, त्याला त्रास होत असेल तर काढून ठेवू. तर फोटो काढूही देत नाही.

तू माझ्या बालवाडीची नेहमी टर उडवतोस. शेंबूड पुसण्याची सरकारी नोकरी म्हणतोस, आणि ती सरकारीसुद्धा नाही. पण या वर्षी मी पुण्याच्या शिबिरातून एक गोष्ट शिकून आले. भिंतीवर मोठाले चेहरे काढलेत. हसरा, रडका, चिडका, घाबरलेला. सकाळी आल्यावर प्रत्येक मुलाने एक टिकली घ्यायची आणि आज आपल्याला कसं वाटतंय त्या चेहऱ्यावर लावायची. मुली पटापट लावतात. एकीने तर चारही चेहऱ्यांवर लावली आणि पाचवी कपाळावर. मुलगे मात्र सगळे हसऱ्यावर. गुडघा फुटलेला असो, घरून मार खाऊन आलेला असो, टिकली हसऱ्यावर. फार झालं तर चिडक्यावर. चार-साडेचार वर्षांची पोरं रे ती, आणि रडक्या चेहऱ्याजवळून जाताना अशी जातात, की तिथे जणू विंचू बसलाय. दोन बाप भांडायलाही आले, आमच्या मुलांना टिकल्या लावायला शिकवता म्हणून. त्यांना म्हटलं, तुम्हालाही देते, या.

यात एक प्रितम नावाचा मुलगा आहे. त्याची आई जनी गव्हाणची, बाप मिठागरावर असतो, आता इकडे खोली घेऊन राहतात. प्रितम म्हणजे चालतीबोलती मारामारी. येताजाता याला ढकल, त्याला चाव. त्यांचा कुत्रा गाडीखाली गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बराच वेळ टिकली बोटावर घेऊन उभा राहिला आणि मग त्याने ती रडक्या चेहऱ्याच्या गालावर लावली. मी नुसती जवळ जाऊन बसले. तो माझ्या पदरात तोंड घालून काय रडला म्हणतोस! पुढच्या आठवड्यात जनी आली. म्हणाली, "बाई, तुमी काय शिकवलाव आमच्या पोराला? घरा येऊन बोलतो, आये, मला आज रडाचा हाय. त्याचा बापूस हसतो त्याला. असा कोन बोलतो का?" मी विचारलं, मग रडतो का? तर पदर तोंडाला लावून हसली. "रडतो, आनी गप झोपतो. पन खरा सांगू बाई, आता कुनाला मारत नाय." भांडायला आलेली बाई जाताना मला ताजी वांगी देऊन गेली.

शाळा सुटली की देवेश माझ्याकडे बालवाडीतच येऊन बसतो. एकदा मुलं गेल्यावर मी केर काढत होते तर दिसलं, की एक टिकली भलतीकडेच आहे. चारही चेहरे सोडून, बाजूला कोऱ्या भिंतीवर. मी विचारलं, ही कोणाची? म्हणाला, माझी. इथे का रे लावलीस, इथे तर काहीच नाही? म्हणाला, यात माझा चेहरा नाहीये, आत्या. मी लगेच खडू घेतला, म्हटलं, सांग, काढते. त्याने सांगितलं, गोल काढ. काढला. डोळे काढ, पण घट्ट मिटलेले. काढले. तोंड? तर म्हणाला, तोंड नको. बोलता बोलता तो दप्तर आवरायला लागला आणि मी त्या बिनतोंडाच्या चेहऱ्यासमोर खडू घेऊन उभी राहिले. मग माझ्याने केर काढवला नाही.

त्या दिवशी मला तू आठवलास. आपले अण्णा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. मी मोठी होते, पण मुलगी होते, त्यामुळे मला हवं तेवढं रडता आलं. आईच्या मांडीवर रडले, आत्यांच्या गळ्यात पडून रडले, येईल ती बाई मला कुशीत घ्यायची आणि आम्ही दोघी मिळून रडायचो. तुला सगळ्यांनी सांगितलं, बाळू, आता तू घरातला कर्ता पुरुष. आणि तुझ्या हातात चहाचा ट्रे दिला. भेटायला येणाऱ्या माणसांना तू चहा देत फिरत होतास, हाफ पँटमध्ये, केस चप्प बसवून. लोक म्हणायचे, किती समजूतदार पोरगा. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत तू शेजारच्यांच्या शेळीला दगड मारून तिचा पाय मोडलास. आठवतं? तू, जो मुंग्यांच्या रांगेवरून उडी मारून जायचास. दादूकाकांनी तुला छडीने झोडपला आणि तेव्हा तू रडलास. संध्याकाळपर्यंत रडत होतास, कोणाला थांबवता येईना. काका म्हणाले, बरं झालं, अद्दल घडली. मार खाऊन मुलगा रडला तर आपल्याकडे चालतं. मला तेव्हाही वाटलं होतं, की हे रडू शेळीचं नाही. पण मला तरी कुठे काय बोलता येत होतं?

देवेशची मारामारी मला तशीच वाटली. मार खायला जातोय, म्हणजे रडायचं निमित्त शोधतोय. पण तो मार खाऊनही रडत नाही, हात मोडूनही रडत नाही, इथे माझं गणित चुकायला लागलं. म्हणून प्लॅस्टर घातल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला जवळ घेऊन बसले, डोक्यावर तेल थापत होते. म्हटलं, हे बघ, घरात मी आणि तू, दुसरं कोणी नाही. दुखतंय ना? मग रड की राजा. मी कोणाला सांगणार नाही. तो शांतपणे म्हणाला, चालत नाही. मी म्हटलं, कोणाला चालत नाही? बाबांना? म्हणाला, नाही, मला. मी शब्द दिलाय. हळूहळू, थोडं त्या दिवशी, थोडं सुट्टी संपल्यावर शाळेच्या वाटेवर, असं त्याने ते सांगितलं. तू तिथे होतास, मी नव्हते. तरी मीच तुला सांगते, कारण त्याच्या उंचीवरून ते कसं दिसलं ते तुला कळलेलं नाही.

दहाव्याला तुम्ही पुरुष मंडळी नदीवर गेलात, आम्ही बायका घरी स्वयंपाकाला होतो. पिंड मांडून झाले. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. तू हात जोडून म्हणालास, देवेशला चांगलं शिकवीन. नाही उतरले. काकांनी सांगितलं, तिच्या माहेरच्यांना अंतर देणार नाही म्हण. तेही म्हणालास. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. देवेश तुझ्या बाजूला हुंदके देत उभा होता. तेव्हा काका म्हणाले, पोराच्या रडण्यात जीव अडकलाय तिचा, हा रडतोय तोवर ती हलायची नाही. आणि तू त्याला पुढे घेतलंस, त्याचे हात तुझ्या हातांनी जोडलेस आणि म्हणालास, म्हण, आई, मी पुन्हा कधी रडणार नाही, तू जा. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हते. तू पुन्हा सांगितलंस, मोठ्याने म्हण, तिला ऐकू गेलं पाहिजे. तो मोठ्याने म्हणाला. आणि एक कावळा उतरला.

तुम्ही परत आलात तेव्हा आम्ही दारातच विचारलं, शिवला का? तू म्हणालास, शिवला, देवेशमुळे शिवला. आम्ही बायकांनी त्याला उचलून घेतला, तोंडावरून हात फिरवले, पहिलं पान त्याला वाढलं. कोणीतरी म्हणालंसुद्धा, आईला मोकळं केलंस रे बाळा. तुम्ही सगळे जेवलात, सुपारी खाल्लीत, आणि ती गोष्ट नदीवरच सोडून आलात. तो ती सोबत घेऊन आला. मी विचारलं, समज, तू रडलास, तर काय होईल? म्हणाला, आईला परत यायला लागेल. तिथे नदीवर. आणि आता तिथे कोणी जेवण ठेवत नाही. मी म्हटलं, तुला आई परत यायला नको का रे? त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी लाज वाटली. म्हणाला, पाहिजे. पण ती घरी नाही ना येणार. नुसती अडकेल.

आठ महिने हे पोर आपल्या आईची वाट मोकळी ठेवून बसलंय, बाळू. रडू आलं की श्वास कोंडतो, कॉलर चावतो, फोटोकडे पाठ करतो, कारण फोटो बघितला की डोळे भरतात. आणि आपण त्याला पेढे देतो.

मी दादूकाकांना विचारलं. ते म्हणाले, "असं म्हणावंच लागतं गं, त्याशिवाय कावळा शिवत नाही. मुलं विसरतात." वाईट माणूस नाही, देवेशवर जीव आहे त्यांचा. पण सांगितल्यावरही त्यांना त्यात चुकलं काय ते कळेना. मग मी देवेशला माझ्या परीने समजावलं. म्हटलं, कावळा भूक लागली म्हणून उतरला, आईचा त्याच्याशी संबंध नाही. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, म्हणजे तुम्ही सगळे खोटं बोललात? मी म्हटलं, खोटं नाही रे, रीत असते. म्हणाला, पण कावळ्याचं खोटं असेल, तर आई गेली की नाही ते कोणालाच माहीत नाही. अठरा वर्षं मुलांना शिकवतेय, पण याला काय उत्तर देऊ? मी नदीवर जाऊन त्याच्यासमोर शब्द परत मागते म्हटलं, तर तेही त्याने ऐकून घेतलं नाही. बाबांनी म्हणायला लावलं, म्हणून बाबांनीच सांगायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. हिशेब त्याचा चोख आहे, तुझ्यावरच गेलाय.

आणि तू पत्रात लिहितोस, की जूनपासून त्याला निवासी शाळेत घालू, शिस्त लागेल, जरा घट्ट होईल. अरे, आणखी किती घट्ट करणार आहेस त्याला? त्या शाळेचा प्रवेशाचा अर्ज तुझे दाजी भरायला बसले होते, तो मी काढून घेतला. रागावायचं तर माझ्यावर रागाव, त्यांचा दोष नाही. शशिकला असती तर तिनेही हेच केलं असतं, फक्त माझ्यापेक्षा गोड बोलून. तू तिकडे गेलास ते नोकरीसाठी हे मला मान्य आहे. पण तेरावं आटोपताच, रजा शिल्लक असताना गेलास, तेही मी बघितलंय. त्या घरात एक दिवसही तुला बसवत नव्हतं. त्याबद्दल मी तुला तेव्हा बोलले नाही आणि आताही दोष देत नाही. तुझ्या पत्रांत देवेशच्या गणितापासून हवेपर्यंत सगळं असतं, शशिकलेचं नाव कधी नसतं, एवढंच मला दिसतं. तोही तिचं नाव घेत नाही. दोघं जण दोन देशांत बसून एकच काम करताय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात सकाळी त्याचं अंथरूण काढताना उशीचा अभ्रा ओला लागला. मला इतका आनंद झाला, की तशीच उशी घेऊन मी त्याच्याकडे धावले. म्हटलं, बघ, तू झोपेत रडलास, आणि काहीसुद्धा झालं नाही! त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हापासून तो झोपत नाही. भिंतीला पाठ लावून बसतो, मांडीला चिमटे काढतो, डुलकी लागली की दचकून आधी डोळे चाचपतो, ओले झाले का ते. डॉक्टरांनी गोळी दिली, तीही थुंकतो, कारण तिने झोप येते. शाळेत बाकावरून खाली पडला, म्हणून आता घरीच आहे, अंगात कसकस आहे. मी फोन केला नाही, कारण तू पहिलं वाक्य काय बोलशील ते मला माहीत आहे, आणि त्याला आणखी एक शाब्बास झेपणार नाही. परवा त्याला कळलं की जगन निघालाय, तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, आत्या, बाबांना दोन गोष्टी विचार. म्हणून मी विचारतेय, बाळू. पहिलं त्याने हे विचारलंय, की झोपेत आलेलं रडू धरतात का? त्या रात्रीचं धरलं असेल तर आई आत्ता कुठे आहे? आणि दुसरं, की बाबा पण रडत नाहीत, तर त्यांनी पण कोणाला असा शब्द दिलाय का? मला लिहून काही पाठवू नकोस. मिळेल त्या विमानाने ये, त्याच्यासमोर बस, आणि तुला जे काय येईल ते त्याला बघू दे. दोन्ही उत्तरं तुझ्या तोंडून ऐकायची म्हणून तो जागा आहे.

तुझीच,
रमाताई